होडीवरची पांढरी रेघ

समस्त जलप्रवाशांस आणि माशांस कळवण्यात येते की, मुळशी धरणाच्या पाण्यावर दोन राष्ट्रांमध्ये सागरी तह झाला असून तो तत्काळ अमलात आला आहे. राष्ट्रे म्हणजे आमची वाडी आणि पलीकडच्या काठावरची वाडी. सागर म्हणजे मधलं पाणी. आणि मुत्सद्दी म्हणजे माझे धाकटे काका.

काका मोठ्या जहाजावर खलाशी होते. देशोदेशीच्या लोकांनी एकत्र बसून नियम केलेत, समुद्रात तेल ओतायचं नाही, जहाजाच्या अंगावरची रेघ बुडेपर्यंत माल भरायचा नाही, हे त्यांनी रजेवर आल्यावर इतक्यांदा सांगितलं की दोन्ही वाड्यांनी सुटकेसाठीच हो म्हटलं असावं. त्याआधी पलीकडचे लोक पिण्याच्या पाण्यात म्हशी धूत, आणि आमचे लोक होडीला लावून उरलेलं डांबर बिनदिक्कत त्याच पाण्यात ओतत. दोन्ही बंद झालं. होडी दोघांत एकच. तिच्या अंगावर काकांनी स्वतः पांढरी रेघ ओढली. रेघ बुडाली की जो शेवटी चढला तो उतरणार, मग तो कुणीही असो. ‘कुणीही’ हा शब्द काकांचाच.

पुढच्या रजेत काकांचं लग्न ठरलं, पलीकडच्याच मुलीशी. वऱ्हाडाची शेवटची खेप मुहूर्ताला जेमतेम पोचणार होती. आधी वडीलधारी बसली, मग बायका, मग रुसायची पूर्ण तयारी करून आलेले आत्याचे यजमान, आणि मानाप्रमाणे सगळ्यात शेवटी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. रेघ बुडाली.

आत्याच्या यजमानांकडे नुसतं पाहिलं असतं तरी रुसवा पक्का होता. वडील म्हणाले, आजच्या दिवस रेघ राहू दे. पण होडीवाला पलीकडचा. त्यानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, “नवरदेव, नियम तुमचाच हाय.”

काका उतरले. फेटा सावरत काठावर एकटेच उभे राहिले, आणि आम्ही त्यांच्या लग्नाला निघालो.

पलीकडे वाजंत्री सुरू झाली आणि मध्येच थांबली. नवरा का आला नाही हे कळल्यावर सगळा काठ पोट धरून हसायला लागला. होडीवालाही वल्हं टाकून गंमत सांगत बसला. भटजी तेवढे घड्याळाकडे बघत होते. आणि मांडवातून, जिनं त्या दिवशी मानही वर करायची नव्हती, ती नवरी मोठ्यानं म्हणाली, “हसताय काय नुसतं? होडी रिकामी झालीया, धाडा की माघारी!”