हात वर होण्याची वाट पाहणारा पंच

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, ते माझ्या थोरल्या भावामुळे झालं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्याचं स्वतःचं फारसं बरं झालेलं नाही.

आमचे वडील डोंगरगढला रुळाच्या कामावर होते, ठेकेदाराच्या हाताखाली. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. दादानं शाळा सोडली आणि तो रायपूरला भनपुरीत आला. तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात ट्रक भरायचे आणि रिकामे करायचे, हे त्याचं काम. माझी शाळा संपल्यावर त्यानं आईला आणि मला तिथंच बोलावून घेतलं, खोली केली आणि माझं नाव कॉलेजात घातलं. आमच्या घरात बी.ए.ला जाणारा मी पहिला.

दादा कबड्डीचा गडी होता. डोंगरगढला रेल्वेच्या चाळींमागे एक मैदान होतं. विदर्भातून आलेल्या आमच्या सगळ्या घरांचे पोट्टे तिथं खेळायचे. त्या मैदानाची एक रीत होती. तिथं पंच नसे. कडेला एक म्हातारा विटेवर बसून गुण मोजायचा, बस. ज्याला हात लागला त्यानं स्वतःच हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. कोणी पाहिलं, नाही पाहिलं, याला महत्त्व नव्हतं. ज्याचा हात वर होत नसे त्याला म्हणत, ‘याचा हात जड आहे.’ मग त्याला कोणी संघात घेत नसे, आणि लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा ते निघायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. शंकर नगरच्या बंगल्यांवर कार्यालयांच्या पाट्या चढू लागल्या. जो तो म्हणे, आता जागा निघणार. तोवर दादाचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. पाठीवर ओझं घेऊन फळीवरून उतरताना तो दात आवळायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे काम सोडा, नाहीतर पाय सोडावा लागेल.

अशात त्याच्या जुन्या सोबत्याकडून कळलं, की राज्याला आपले कबड्डीचे पंच हवे आहेत. परीक्षा होणार. जो पास होईल त्याला शाळांत खेळ शिकवायचं कंत्राटी काम मिळू शकेल. तोंडी परीक्षा मात्र इंग्रजीत, कारण पंचांना बाहेरच्या राज्यांत जावं लागणार होतं.

“तू शिकवशील मले?” दादानं विचारलं. मी हो म्हणालो. त्याच्यासाठी काही करायची माझी ती पहिली वेळ.

माझ्याजवळ रद्दीतून घेतलेलं इंग्रजीचं एक पुस्तक होतं. त्यात खेळ आणि स्पर्धा यांच्या शब्दांचा एक धडा होता. थोडीफार इंग्रजी येणाऱ्यांसाठी, असं वर लिहिलेलं. गोल्फ, टेनिस, बर्फावरून घसरायचा कसलासा खेळ, सगळ्यांची चित्रं होती. कबड्डी नव्हती. तरी ऑपोनंट, स्पेक्टेटर, डिफीट, पेनल्टी, ड्रॉ असे शब्द कामाचे होते. कबड्डीचे शब्द मी नियमांच्या पुस्तिकेतून काढले. सकाळी कामावर जायच्या आधी आमचा अभ्यास चाले.

दादाला बसून पाठ होत नसे. त्यानं अंगणात चुन्यानं रेघ मारली. मी रेडर, म्हणजे चढाई करणारा, तो अँटी, म्हणजे धरणारा. मी त्याच्या अंगाला हात लावून म्हणायचं, ‘टच.’ त्यानं मला धरायचं आणि म्हणायचं, ‘स्ट्रगल.’

“ऑपोनंट मंजे दुश्मन काय?”

“नाही. समोरचा.”

“समोरचा गडी. मंग गडीच मन ना, सरळ.”

आई चुलीपाशी बसून ऐकायची. “दोन घोडे अंगणात धिंगाणा घालून राहिले,” ती म्हणायची, “अन् मनते अभ्यास चालू आहे.” दादा तिला म्हणायचा, “माय, तू स्पेक्टेटर आहेस. स्पेक्टेटरनं बोलायचं नसते.”

रिव्हाइव्ह हा शब्द त्याला फार आवडला. बाद झालेला गडी, आपल्या संघानं समोरचा मारला की परत आत येतो, ते. कामावरून आला की खाटेवर आडवा होऊन म्हणायचा, “बाबू, चहा आण. रिव्हाइव्ह कर मले.”

एकदा पुस्तकात फेअर प्ले आलं. मी अर्थ सांगितला. पंच पाहत असो वा नसो, खरं खेळणं. तो वाट पाहत राहिला, जणू मी अजून काही सांगणार आहे.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मंग याले येगळा शब्द काहून पायजे? खेळणं मंजे तेच ना.”

मी पुढचा शब्द घेतला.

परीक्षा एका शाळेच्या मैदानावर होती. दादानं नवी शिटी घेतली होती, पांढरी पँट सोबत्याकडून आणली होती. तोंडी परीक्षेतून तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. सगळं विचारलं आणि सगळं आलं, म्हणाला. बाहेरच्या राज्यातून आलेले परीक्षक ‘व्हेरी गुड’ म्हणाले होते. मला वाटलं, झालं. भनपुरीची फळी सुटली.

मग प्रत्यक्ष परीक्षा. कॉलेजच्या पोरांचे दोन संघ उतरवले आणि दादाला शिटी दिली. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होतो.

एक रेडर परत येत होता. कोपऱ्यातल्या गड्याची बोटं त्याच्या टाचेला लागली, म्हणजे तो कोपऱ्यातला गडी बाद. मला दिसलं, मग दादाला दिसलंच असणार. शिटी त्याच्या तोंडात होती. त्यानं कोपऱ्यातल्या त्या पोराकडे पाहिलं आणि तो थांबला. पोरगा हात झटकून आपल्या जागी जाऊन उभा राहिला. दादा त्याच्याकडे पाहतच होता.

“पंच साहब, सो गए क्या?” परीक्षकांपैकी एक ओरडला.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. या वेळी एका गड्याचा पाय रेघेबाहेर पडला होता. दादा पुन्हा थांबला, पुन्हा त्या पोराच्या हाताकडे पाहत राहिला. हात वर झाला नाही. खेळ थांबवून परीक्षकांनी त्याला जवळ बोलावलं.

“दिखा नहीं?”

“दिखा सर.”

“तो सीटी?”

“सोचा, लड़का खुद हाथ उठाएगा.”

ते हसले. वाईट हसले नाहीत, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला हसतात तसे हसले. बाहेरचे परीक्षक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भैया, आपकी अंग्रेज़ी अच्छी है. पर ये गाँव का खेल नहीं है. यहाँ पंच बोलता है, खिलाड़ी नहीं. अगली बार आइए.”

आम्ही टेम्पोनं परत आलो. भनपुरीच्या चौकात उतरल्यावर मी म्हणालो, “दादा, शिटी वाजवायची होती.”

“मले ठाऊक होतं वाजवाची आहे,” तो म्हणाला. “पण तो सोताहून हात उठवतच होता, असं वाटे. दर वेळी.” मग म्हणाला, “मी वाजवली असती त मी त्याले खोटा ठरवला असता ना, बाबू.”

पुढची परीक्षा लवकर निघाली नाही. दादा फळीवर परत गेला. त्याच हिवाळ्यात लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा उतरवताना गुडघ्यानं दगा दिला, तो पडला आणि गठ्ठा पायावर आला. इस्पितळात पाय वाचवला, पण तो पुन्हा वाकला नाही. आता तो धर्मकाट्यावर, जिथं ट्रकांचं वजन होतं तिथं, पाय समोर पसरून स्टुलावर बसतो आणि गाड्या मागेपुढे घ्यायला सांगतो. येणारा ड्रायव्हर म्हणतो, “ए लंगड़े, जल्दी कर.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. दादा वर पाहत नाही.

मी बी.ए. झालो आणि बस्तरकडच्या एका शाळेत लागलो. इंग्रजी शिकवायला. खेळाचा तासही माझ्याकडेच आला. निघताना दादानं ती शिटी माझ्या पिशवीत टाकली. तिथून मी त्याला अनेक पत्रं लिहिली, त्यांतलं हे एक.

*

दादा, जयभीम.

तुझ्या पायाला थंडीत जास्त त्रास होत असेल. आईला शेक द्यायला सांग, कंटाळा करू नको.

इथं मी मुलींचा कबड्डीचा संघ केला आहे. खेळताना मी तुझी शिटी वाजवतो. दिसलं की लगेच वाजवतो, थांबत नाही. अजूनही वाजवताना बरं वाटत नाही.

एकदा पाऊस होता म्हणून वर्गात बसलो होतो. तेव्हा त्यांना आपल्या डोंगरगढच्या मैदानाची गोष्ट सांगितली. म्हातारा, वीट, हात वर करायची रीत, सगळं. तुझं पुढचं सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात तालुक्याचा सामना होता. गुण सारखे होते. आपली सगळ्यात चपळ पोट्टी शेवटच्या चढाईवरून समोरचा एक गडी मारून परत आली. शिटी दुसऱ्या शाळेच्या मास्तरजवळ होती. त्यानं गुण दिला. आपण जिंकलो होतो. तेवढ्यात तिनं हात वर केला. जाताना, कोणाला हात लागायच्या आधीच, तिचा पाय रेघेबाहेर लॉबीत पडला होता म्हणे, म्हणजे तीच बाद. कोणी पाहिलं नव्हतं. मीपण नाही. गुण त्यांना गेला आणि आपण हरलो.

येताना ट्रॅक्टरमध्ये बाकीच्या पोट्ट्या तिच्याजवळ बसल्या नाहीत. हेडमास्तर सगळ्यांसमोर बोलले, हिला पुढे घ्यायचं नाही. तेव्हापासून ती मैदानावर येत नाही आणि शाळेतही नाही. घरचे म्हणतात, राहू द्या आता, घरी कामं आहेत.

दादा, रविवारी मी तिच्या घरी जाणार आहे. तिला काय सांगू? तू बरोबर केलंस, असं सांगायचं मनात आहे. पण तसं सांगायला निघालो की तुझा पाय डोळ्यांपुढे येतो. आणि पुढच्या वेळी गप्प बस, असं सांगायला माझी जीभ वळत नाही.

हे मले पुस्तकातून नाही सांगता येत. तूच सांग. दोन ओळी लिही, मी त्याच तिला वाचून दाखवीन. रविवारच्या आत पोचेल असं टाक.

तुझा,
बाबू