डोरीनने नवऱ्याची नोकरी घालवली

कॅनडातल्या मंक्टन शहरातल्या डोरीन गोडेला इंटरनेटचं वाढतं बिल फार खुपायचं. शेवटी तिने कंपनीला फोन लावला आणि ठोकून दिलं, "नवऱ्याची नोकरी गेली हो!" नवरा आल्देओ कामावर जायच्या गडबडीत समोरच टोस्ट खात होता.

"माझेही घरीच आहेत, कागद कारखाना बंद पडल्यापासून," पलीकडची बाई हळूच म्हणाली. "त्यांना बटाटे सोलायला बसवा, ताई. मन रमतं." आणि तिने बिल बरंच कमी करून दिलं.

"एवढ्यासाठी मला घरी बसवलंस?" आल्देओ हसला. डोरीनला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायला तिने पुन्हा फोन केला आणि कालच्या बाईंना बोलवायला सांगितलं. कुणी पुरुष बोलला, "त्या बाईंबद्दल तक्रार आहे का?"

"छे छे, फार चांगल्या आहेत!" म्हणत डोरीनने फोन ठेवला. तेव्हापासून ते बिल बघायचीही तिला लाज वाटते; ते ती आल्देओलाच भरायला लावते.