दक्षिणेकडं पाय

उमरग्यात दातांचे डॉक्टर कृष्णराज म्हटलं, की मान उजवीकडं कललेला माणूस डोळ्यांपुढं यायचा. वरातीत उभे असले तरी नवरदेवाची दाढ बघायला वाकलेत असंच वाटावं. कंबर धरलेली, खांदा आखडलेला, आणि वर माणूस हट्टी!

सगळा घोळ खुर्चीचा. दवाखाना थाटताना त्यांनी ती अशी बसवली, की आडवं झाल्यावर पेशंटचे पाय थेट दक्षिणेला. जित्या माणसानं तसं निजणं म्हणजे यमाला आवतण, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. खुर्ची मागं कलू लागली की पेशंट ताडकन उठून बसायचा. ती फिरवून घ्या, असं त्यांच्या बायकोनं, वनमालाबाईंनी, लई वेळा सांगून बघितलं. पण डॉक्टर पडले शिकलेले, ते अंधश्रद्धेपुढं कसे झुकणार? त्यापेक्षा बसल्या पेशंटच्या तोंडात वर्षानुवर्षं वाकत राहिले.

एक दिवस धुरपताबाईंची दाढ काढताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली आणि पकड खाली पडली. म्हातारी भ्याली, दाढ तशीच घेऊन घरी गेली. डॉक्टर बोटं चोळत बसले. हातच गेला तर दवाखान्याला कुलूपच की! मुकाट्यानं ते फिजिओथेरपीवाल्या अर्पिताकडं गेले. मानेची नस दाबली जातेय. पेशंटला आडवं करा, स्वतः ताठ बसा, नाहीतर काम सोडा, असं त्या पोरीनं सुनावलं. मग पाठ तपासायला पलंगावर निजायला सांगितलं.

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले. ऊन कुठल्या खिडकीतून येतंय ते बघितलं. पुन्हा बघितलं. निजायचं काही नाव घेईनात.

"काय झालं, सर?"

डॉक्टरांनी घसा खाकरला. "जरा... डोकं त्या बाजूला करून निजलो तर चालेल का?"

बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले.

रविवारीच त्यांनी प्लंबर धोंडप्पाला बोलावून, नळ्या बदलून, खुर्ची उत्तरेकडं वळवली. पेशंट आता घोरायला लागतील इतके निवांत निजू लागले. डॉक्टर स्टुलावर ताठ बसले, सांगितलेला व्यायामही केला, आणि मान हळूहळू सरळ झाली, बोटं ताळ्यावर आली.

गोळ्यांवर दिवस ढकलून धुरपताबाई एकदाच्या परत आल्या. बिनतक्रार आडव्या झाल्या, दाढ निघाली. त्यांना दारापर्यंत सोडायला डॉक्टर उठून उभे राहिले, तर म्हातारी मान वर करून बघतच राहिली. गालातला कापूस सांभाळत म्हणाली,

"अगं बया, एवढे उंच व्हय तुमी!"