दोनशे सत्तरची लाल रेघ

शाळेची सहल बसने जाणार होती आणि लेकीने महिनाभर आधीच खिडकीची जागा ठरवून ठेवली होती. पण ती घरात अर्ध्या अर्ध्या तासाने बाथरूमला जायची. जेवणाआधी, अभ्यासाआधी, लिफ्टचं बटण दाबायच्या आधी "जाऊन ये" म्हणायची माझी सवय, तरी भरवसा वाटेना. सहलीच्या फॉर्मवर माझी सही होईना. "आधी डॉक्टरांना विचारू," मी म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

आमच्या खैतान भागातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस मोजमाप सांगितलं. आठवण करून द्यायची नाही, तिला लागेल तेव्हाच जाऊ द्यायचं आणि किती लघवी झाली ते मिलिलिटरमध्ये लिहायचं. मूत्राशयात किती मावतं याचा अंदाज सोपा होता: वयात एक मिळवा, तीसने गुणा. मी इथे आखातात पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर. टाक्यांची क्षमता काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्याकडे मी नुसतं पाहिलं, तर बायको कडाडली, "ढोकळ्याचं माप आहे ते! हात तर लावून बघा!" मग मी जमियातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानातून, नवा मापाचा जग आणला. लेकीला आठवं चालू. आठ आणि एक नऊ, गुणिले तीस, दोनशे सत्तर. तिथे लाल मार्करने रेघ मारली.

शनिवारी दुपारी सर्वांत जास्त आलं ते दोनशे चाळीस. लेक रेघेकडे बघतच राहिली. "आय फेल्ड, बाबा," म्हणाली आणि रडायला लागली. मला माझ्या मार्करची लाज वाटली.

रविवारी डॉक्टरीणबाईंनी माझा तक्ता पाहिला, मग तिच्या सिव्हिल आयडीवरची, म्हणजे इथल्या ओळखपत्रावरची, जन्मतारीख. "बच्ची तो सात की है. आठ कहाँ से लाये?"

आमच्याकडे सातवा वाढदिवस झाला की आठवं लागतं. माझी आई असंच मोजते, मीही तसंच मोजत आलो.

"सात और एक आठ. दोसौ चालीस, बिलकुल ठीक. और यह अंदाज़ा है, इम्तिहान नहीं. इसे बार-बार बाथरूम कौन भेजता है?"

मायलेकींनी एकदमच माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मुकाट्याने सही केली. सहलीच्या सकाळी ओठांवर आलेलं "जाऊन ये" गिळलं. लेक बसमध्ये चढली, खिडकीत बसली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोवर मी मात्र तीनदा जाऊन आलो होतो.