नऊ मिनिटं मागे

आमच्या खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीइतका गर्विष्ठ माणूस अख्ख्या गल्लीत नाही. हे त्याच्या तोंडावरही सांगून झालंय. दुरुस्त केलेलं घड्याळ आठवड्यात अर्धं मिनिट चुकलं तरी याला जेवण जायचं नाही.

शत्रूचं सैन्य शहरात ठाण मांडून बसलं, तेव्हा आपले सैनिक डोंगरातून चार-चारच्या टोळीनं साध्या कपड्यांत यायचे. चौघं चार वाटांनी जाणार आणि एकाच मिनिटाला घाव घालणार. म्हणून आधी एकेक जण येऊन घड्याळजीपुढे मनगट धरायचा. हा डोळ्याला भिंग लावून चारही घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवून द्यायचा. मी जिन्यातून सगळं पाहायचो आणि जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवायचो. बायकोला वाटलं, मला काहीतरी झालंय.

एकदा पुलावरच्या शत्रूच्या अधिकाऱ्यानं स्वतःचंच घड्याळ तेलपाण्याला दिलं. पुलाची गस्त त्याच घड्याळावर निघायची. घड्याळजीनं ते असं करून दिलं, की दुसऱ्या दुपारपर्यंत नऊ मिनिटं मागे पडावं. त्या दुपारी गस्त पोचायच्या आत पूल नदीत गेला.

अधिकारी दोन शिपाई घेऊन दुकानात हजर. "मुद्दाम केलंस?"

हो म्हटलं तर गोळी. वाचायचं तर 'मला काम जमत नाही' म्हणायला हवं, आणि ते काही याच्या तोंडून निघेना. मान ताठ. "माझ्या हातून घड्याळ कधी..." त्यानं सुरुवात केली.

त्याची बायको, आमच्या वहिनी, आतून धावत आल्या. "त्यांना काय विचारता साहेब? डोळे गेलेत त्यांचे. परवा पेचकसानं चहा ढवळला."

"माझंही घड्याळ यानंच मारलं," मी जिन्यावरून म्हणालो. "प्रेत घरात आहे, आणू का?"

गल्ली हसली. अधिकारीही हसला. घड्याळजी लालबुंद.

"जमत नाही मला," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

मोठ्यानंही म्हणाला. मग दारावर पाटी लागली: 'या माणसाला घड्याळ दुरुस्त करता येत नाही.' काढली तर गोळी.

दुसऱ्या सकाळी एक अनोळखी तरुण आला, पाटी वाचली आणि आत जाऊन मनगट पुढे केलं.

शत्रू गेल्यावर मी म्हणालो, "आता तरी काढ रे ती."

"का म्हणून? हिच्याखाली बसून आणखी सात पूल पाडलेत मी."

"तू? सैनिकांनी पाडले."

त्यानं भिंगातून वरही पाहिलं नाही. "वेळ कोणी लावून दिली?"