टिटवीला बघायला न्यू जर्सी

ज्या संघानं आपल्याला लहानाचं मोठं केलं, त्याच्याच विरुद्ध गोल मारला तर खेळाडूनं नाचावं की मान खाली घालावी? याचं उत्तर मला माहीत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणी माझ्या नावानं शिमगा करायला नको.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल देशाचा नसतो, पेठेचा असतो. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ, संघाचा झेंडा, आणि मैदानात कुठल्या पेठेनं कुठं बसायचं हेही ठरलेलं. माझे बाबा रिक्षा चालवतात. तरुणपणी ते आमच्या तालमीकडून डाव्या बाजूचे बचावपटू म्हणून खेळले. जन्मात त्यांनी एकच जर्सी घातली आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे.

त्याच जागी खेळणारा उरुग्वेचा एक पोरगा त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी टीव्हीवर पाहिला. काटकुळ्या लांब पायांमुळे त्याला तिकडे ‘तेरो’ म्हणतात. तेरो म्हणजे टिटवी. बाबांनी लगेच बारसं केलं, ‘आपला टिटवी’. नदीकाठच्या छोट्या गावातून राजधानीच्या क्लबात, एकोणिसाव्या वर्षी पोर्तुगालला, तिथं वर्षभर बाकावर, मग स्पेनच्या दुसऱ्या फळीत उसना, मग इटली, गुडघ्याचं ऑपरेशन, आणि शेवटी जर्मनीतला मोठा क्लब. ही सगळी वारी मला पाढ्यांसारखी पाठ आहे. आमच्या घरात टीव्हीच्या वर दोनच फोटो आहेत: एक माझा, पदवीच्या झग्यातला (घरातली पहिली पदवी), आणि एक टिटवीचा. टिटवीचा थोडा मोठा आहे.

तर या उन्हाळ्यात टिटवीचा जर्मन क्लब अमेरिकेत सरावाचे सामने खेळायला आला, आणि न्यू जर्सीत त्यांच्यासमोर होता टिटवीचा लहानपणीचा क्लब. क्लबांची नावं मी लिहिणार नाही. कमेंटमध्ये काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

“जायाचं म्हंजे जायाचं,” बाबा फोनवर म्हणाले. “तो आता चौतीसचा हाय. पुन्हा दिसतोय व्हय?”

मी हर्नडनला राहते, व्हर्जिनियात. तिकडून चार तासांचा रस्ता. जायचं ठरायला चार सेकंदही लागले नाहीत, कारण मला त्या शनिवार-रविवारी कुठंही पळून जायचंच होतं. सोमवारी मॅनेजरला उत्तर द्यायचं होतं. कंपनी मला टेक्ससमध्ये, शुगर लँडच्या ऑफिसात, टीम लीड करून पाठवत होती. म्हणजे आणखी तीन वर्षं. आणि मी तर पेठेला शब्द देऊन आले होते की दोन वर्षांत परत येईन आणि तालमीच्या वरच्या खोलीत मुलींसाठी फुकट कॉम्प्युटर क्लास सुरू करीन. दोन वर्षं दिवाळीला संपत होती. ही बढती मला आतून हवी होती. म्हणूनच घरी अजून एक अक्षर बोलले नव्हते.

शुक्रवारी हाफ डे टाकून आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझी रूममेट केतकी. ती पुण्याची. गाडी तिची, त्यामुळे नियमही तिचे.

“भडंग गाडीत खायचं नाही. सांडतं,” ती बसायच्या आधीच म्हणाली.

“मग कशाला आणलंय?”

“तेच मी विचारतेय.”

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: शुक्रवारी दुपारी दोनच्या आत वॉशिंग्टनचा रिंग रोड ओलांडा, नाहीतर तिथंच संध्याकाळ होते. टोलचा टॅग काचेला हवाच, मेरीलँड, डेलावेअर, न्यू जर्सी, तिघंही हात पसरून उभे असतात. डेलावेअरच्या विश्रांतिस्थळावर स्वच्छ बाथरूम आणि बरी कॉफी मिळते. त्यानंतरचा नदीवरचा उंच पूल मात्र जागे राहून बघा. केतकीनं तो डोळे बारीक करून ओलांडला, कारण तिला उंचीची भीती वाटते, आणि हे तिनं मला पुलाच्या मध्यावर सांगितलं.

मुक्काम एडिसनला, केतकीच्या मावशीकडे. ओक ट्री रोडवर दोन्ही बाजूंना साड्या, सोनं, मिठाई, आणि पार्किंगसाठी चाललेली शब्दांची कुस्ती. तिथं आम्ही पाणीपुरी खाल्ली. झकास होती, पण तिखट सांगून गोड दिली. घरी मावशींनी पिठलं-भाकरी वाढली आणि चौकशी सुरू केली.

“फुटबॉल बघायला इतक्या लांब? यार, मुलगा-बिलगा बघायला आलात असं वाटलं मला.”

“मुलगाच आहे, मावशी,” केतकी म्हणाली. “चौतीस वर्षांचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.”

“नोकरी काय करतो?”

शनिवारी आमची खरी चूक झाली, आणि ती फक्त कोल्हापूरकरच करू शकतो. तिकिटं काढताना मी बाबांना विचारलं होतं, कुठल्या बाजूला बसू? बाबांनी क्षणात निकाल दिला: “माणूस जिथनं आला, त्या बाजूला बसायचं.” म्हणून मी टिटवीच्या जुन्या क्लबाच्या गोलमागची तिकिटं घेतली. साधारण सत्तर डॉलरला एक. पार्किंगला चाळीस वेगळे, त्यामुळे चार जण मिळून एका गाडीत जा. बॅग पारदर्शकच लागते. झेंड्याची काठी गेटवर काढून घेतात, झेंडा देतात. भडंगाच्या पारदर्शक पिशवीकडे रखवालदारानं बराच वेळ पाहिलं आणि सोडली.

आणि अंगात मी घातली होती टिटवीची आताची, जर्मन क्लबाची जर्सी. पाठीवर त्याचं नाव.

आम्ही जागेवर पोचलो तेव्हा आजूबाजूला फक्त जुन्या क्लबाचा हिरवा-केशरी रंग होता. ढोल थांबला. खरंच थांबला. केतकी कानात पुटपुटली, “तुमच्या पेठेत आता काय करतात?”

“पळतात.”

शेजारच्या खुर्चीत सत्तरीच्या एक बाई होत्या. पांढरे केस, कानात केशरी डूल. त्यांचं नाव ग्रासिएला, मूळच्या उरुग्वेच्या. जवळच्याच एलिझाबेथ गावात त्यांची बेकरी आहे आणि गेटवर त्यांचा थर्मास काढून घेतल्यामुळे त्या आधीच पेटलेल्या होत्या. त्यांनी माझ्या जर्सीला दोन बोटांनी धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं.

“हे काढ,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

केतकी अॅपवर सहा महिने स्पॅनिश शिकली आहे. तिनं त्याचा उपयोग केला. काय म्हणाली विचारल्यावर कळलं, “मुलगी सफरचंद खाते.” ग्रासिएलाबाई इतक्या हसल्या की त्यांनी पर्समधून स्वतःचा हिरवा-केशरी मफलर काढून माझ्या गळ्यात टाकला. भर जुलैमध्ये. बदल्यात मी भडंग दिलं. त्यांनी मूठभर तोंडात टाकलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी दुसरी मूठ घेतली. मग ढोल पुन्हा सुरू झाला.

टिटवी मैदानात आला तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा तो लहान दिसला. कानाजवळ पांढरे केस. पळताना उजवा गुडघा जरा जपत होता. पण डावा पाय तोच. मी बाबांसाठी व्हिडिओ काढत होते.

उत्तरार्धात फ्री किक मिळाली, आमच्याच समोरच्या गोलवर. टिटवीनं चेंडू ठेवला, दोन पावलं मागे गेला, आणि भिंतीवरून असा वळवला की गोलरक्षक नुसता बघत राहिला. गोल! जुन्या संघाविरुद्ध, जुन्या लोकांसमोर.

त्यानं दोन्ही हात वर करून माफी मागितली आणि मान खाली घातली. त्याचे सोबती मिठी मारायला धावले, त्यांनाही त्यानं बाजूला सारलं. आमच्या बाजूला काही लोक हळू टाळ्या वाजवू लागले. मला वाटलं, बघ, याला म्हणतात इमान. असं राहावं माणसानं.

तेवढ्यात ग्रासिएलाबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. सत्तरीची बाई, खुर्चीवर! त्यांनी स्पॅनिशमध्ये जे काही सुनावलं त्यानं पुढच्या तीन रांगा वळून हसू लागल्या.

“काय म्हणालात?” मी विचारलं.

त्या धापा टाकत खाली बसल्या. “म्हटलं, मयताला आलायस का? तोंड कशाला पाडतोस? एकोणीस वर्षांचा होता तेव्हा रडत रडत विमानात बसवला आम्ही याला. कशाला? गोल मारायला! तिकडं जाऊन माफी मागायला नव्हे!”

“पण तुमच्याच विरुद्ध मारला ना.”

“मग? चांगला मारला की नाही?”

“चांगला मारला.”

“मग नाच म्हणावं!”

सामना दोन-एक असा जर्मन क्लबानं जिंकला. संपल्यावर टिटवी एकटाच आमच्या बाजूला आला, टाळ्या वाजवत, तसाच अपराधी चेहरा करून. ग्रासिएलाबाईंनी सुरुवात केली आणि बघता बघता सगळी बाजू ओरडू लागली, “बाइला! बाइला!”

“हा शब्द मला येतो!” केतकी उडालीच. “नाच! नाच म्हणतायत!”

टिटवीनं तोंड हातात लपवलं. मग हसला. आणि त्या दुखऱ्या गुडघ्यावर दोनच पावलं नाचला. इतकी वाईट की आमच्या पेठेच्या मिरवणुकीत कुणी उभं केलं नसतं. नंतर त्यानं डोळे पुसले. आनंदानं की कशानं, ते इतक्या लांबून कळलं नाही.

पार्किंगमध्ये ग्रासिएलाबाईंनी परत मिळवलेल्या थर्मासातून त्यांच्याकडच्या ‘माते’ नावाच्या पानांचा काढा पाजला. कडुलिंबाला गवताचा वास यावा तशी चव. नको म्हणायचं नसतं, एकाच नळीनं सगळ्यांनी प्यायचं असतं.

रविवारी सकाळी एडिसनला मावशींच्या ओट्यावरून मी बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. व्हिडिओ त्यांचा गल्लीभर दाखवून झाला होता. नाचावरून वाद चालू होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: टेक्सस, टीम लीड, तीन वर्षं, आणि क्लासचा दिलेला शब्द.

बाबा म्हणाले, “आन् हे तू तोंड पाडून सांगाय लागलीस?”

“पेठेला शब्द दिला होता, बाबा.”

“ऐक. मला पलीकडच्या पेठेनं बोलिवलं होतं. संगं मिलमधी नोकरी बी होती. मी गेलो न्हाई. लोकांनी पाठ थोपटली. लई थोपटली. पाठ थोपटून घर चालत न्हाई, पोरी.”

हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

“मग क्लास?” मी विचारलं.

“शेजारची रूपाली औंदा ग्रॅज्युएट झाली न्हवं? खोलीची किल्ली माझ्याकडंच हाय. क्लास तूच घ्यायला पायजे असं कुणी सांगितलं? तू पहिली हायस, शेवटची न्हवं.” मग फोन बाजूला धरून आईला हाक, “अगं, साखर आण! पोरगी कॅप्टन झाली!”

परतीच्या रस्त्यावर केतकीनं गाडीत भडंग खायला परवानगी दिली. पुलावर तिनं डोळे पूर्ण उघडे ठेवले.

ट्रिपमधून काय उरलं? गळ्यातला मफलर, जो ग्रासिएलाबाईंनी परत घेतला नाही. जिभेवर त्या ‘माते’चा कडूपणा. आणि टिटवीची ती दोन वाईट पावलं. त्यानं आधी मान खाली घातली ती खोटी नव्हती, नंतर नाचला तेही खोटं नव्हतं. बरोबर कुठलं, ते मला अजूनही सांगता येत नाही. शब्द मोडल्याची टोचणी मला आहेच, आणि ती शुगर लँडलाही सोबत येईल.

सोमवारी सकाळी मी मॅनेजरला हो म्हणाले. रूपालीशी बोलणं त्याआधीच झालं होतं: शनिवारी ती खोलीत, मी पडद्यावर. मॅनेजर अभिनंदन करून निघून गेला आणि मी मीटिंग रूममध्ये मफलर हवेत फिरवत नाचले, हलगीवर नाचतात तशी, पुरी दोन मिनिटं. त्या खोलीला चारही बाजूंनी काच आहे हे मला माहीत होतं.