१.९ आणि १.१६

मी हे लिहावं की नाही याची अजून खात्री वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. परीक्षेचे पेपर सोडले तर माझ्या हातून झालेलं लिखाण म्हणजे इंग्रजीतल्या दोन ओळी. त्या का लिहाव्या लागल्या, एवढंच सांगायचं आहे.

शेवटच्या वर्षाला आम्ही काही जणांनी प्रोजेक्टसाठी कर्नल घेतला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगभरची माणसं तो मिळून लिहितात आणि कुणालाही तो उतरवून घेऊन आपल्या मशीनवर तयार करता येतो. त्याआधी मात्र एक यादी वाचावी लागते. कोणती साधनं लागतात, प्रत्येकाचं किमान कोणतं व्हर्जन हवं, जुनं असेल तर आधी अपग्रेड करा, असं नवख्यांसाठी त्यात लिहिलेलं असतं.

लॅबमध्ये माझ्याशेजारी आणे गावाहून एसटीने येणारी एक वर्गमैत्रीण बसायची. पहिल्याच दिवशी तिने यादीतल्या एका साधनावर बोट ठेवलं.

"इथं १.१६ पाहिजे म्हणतात. माझ्यात १.९ आहे. चालंल का?"

"तुझं पुढचंच आहे की," मी म्हणालो. "चालतंय."

मी क्षणभरही थांबलो नाही. पाचवीपासून डेअरीची पावती आईला मीच वाचून दाखवतो. दुधाचं एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारा घन भाग, ८.५ लागलं तर आई गुपचूप किटली उचलते. ८.१६ लागलं तर डेअरीतला माणूस विचारतो, "मावशी, आज गाईला हापशावर बांधली व्हती का?" बिंदूनंतरचे आकडे मी तिथे शिकलो. ८.५ मोठं, ८.१६ लहान.

लॅबच्या मशीनवर कर्नल तयार व्हायला तीन तास लागायचे. माझा झाला, कारण माझ्या मशीनवर ते साधन कुणीतरी आधीच नवीन करून ठेवलं होतं. तिचा दरवेळी अगदी शेवटी अडकायचा. आठ दिवस तिने सगळं तपासलं, फक्त मी 'चालतंय' म्हणालो होतो तेवढं सोडून.

"मला नाय जमायचं हे," नवव्या दिवशी ती म्हणाली. "घरी मिक्सर मी लावला तरी बंद पडतो."

तिने सरांकडे लायब्ररीच्या नोंदींचा सोपा प्रोजेक्ट मागितला. सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत विचार कर, मग बदलता येणार नाही.

तिची चूक शोधून द्यावी म्हणून मी त्या साधनाच्या जुन्या व्हर्जनांची यादी उघडली. नवीन वर, जुनं खाली; १.९ तळाशी होतं. त्याच्यावर १.१०, मग १.११, असं चढत १.१६. ती स्वतःला दोष देत होती आणि चूक माझी होती. हे कळूनही दोन दिवस मी तिला सांगितलं नाही. ज्याला सगळे विचारायला येतात, तो होतो ना मी.

शेवटी पिंपरी पेंढारला घरी, धार काढणाऱ्या आईला सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"आरं, आपल्या जमिनीच्या गटाचं नाय का तसं? नववा हिस्सा चुलत्याचा, सोळावा आपला. सोळावा मागनं पडला. त्यात लहान-मोठं काय आलं?"

मग म्हणाली, "त्या पोरीला सांगितलंस का?"

दुसऱ्या दिवशी ती एसटीतून उतरल्यावर तिला गाठलं आणि सगळं सांगितलं. दोन दिवस गप्प बसलो, तेसुद्धा.

"आठ दिवस, राव," ती म्हणाली. थोडं चालल्यावर, "आणि वर दोन." पुन्हा करून बघ म्हणालो तर नुसतं "बघते" म्हणाली. त्यानंतर ती लॅबमध्ये आली नाही.

तिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात फारसं उरलं नव्हतं. मग मी त्या यादीत घालायला एक परिच्छेद लिहिला, आणि त्यात दुधाचं उदाहरणही दिलं. तो कर्नलवाल्यांना पाठवून दिला. कर्नलची कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: मुद्दा बरोबर आहे, दूध मला आवडलं, पण ते काढा. मी दोन ओळी ठेवल्या. बिंदूच्या दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे मोजावेत, १.९ नंतर १.१० येतं, म्हणून १.१६ हे १.९ पेक्षा नवीन. पुन्हा पाठवलं. मग काहीच कळलं नाही.

महिना संपायला दोन दिवस होते. डेअरीच्या रांगेत मोबाईल वाजला. बाईंचा मेल होता, माझ्या ओळी यादीत घेतल्या होत्या. मी तो मेल तसाच तिला पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

संध्याकाळी फोटो आला. तिच्या मामेभावाचा लॅपटॉप, चुलीशेजारच्या फळीवर ठेवलेला, आणि स्क्रीनवर कर्नल तयार झाल्याची शेवटची ओळ. खाली तिने लिहिलं होतं:

"तुझ्या दोन ओळी वाचून १.१६ टाकलं, परत केलं. झालं. सरांना सांगितलंय, लायब्ररी दुसऱ्या कुणाला द्या."